गच्चीवरचा शंकू: प्रकल्प नोंदी, मार्च ते सप्टेंबर २०२५

९ मार्च, रविवार

वाचनालयाच्या गच्चीवर सावलीचं कॅलेंडर करायला कमिटीने मंजुरी दिली. खर्च कमी म्हणून एकमत पटकन झालं, हेही इथे लिहून ठेवतो. सामान: एक मीटर उंचीचा पोलादी रॉड (हाच शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी; बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्निंग करून घ्यायचा), शहाबादी फरश्या, मधोमध काळ्या कडप्प्याची पट्टी. बाकी गवंडीमामांची मजुरी.

काम असं. दुपारी सूर्य सगळ्यात वर आला की रॉडच्या टोकाची सावली कडप्प्याच्या पट्टीवर पडेल आणि वर्षभरात त्या पट्टीवरून उत्तर-दक्षिण सरकत राहील. ठरावीक तारखांना आडव्या रेघा कोरायच्या, रेघेशेजारी मजकूर. मराठी आणि कन्नड दोन्ही. कन्नड मजकूर शेजारच्या हायस्कूलचे सर लिहून देणार आहेत.

अण्णांनी (आमचे अध्यक्ष) मजकुराची यादी आधीच करून आणलीय. २१ जूनच्या रेघेसमोर त्यांनी लिहिलंय 'उन्हाळ्याचा मध्य'. कुठल्याशा इंग्रजी कॅलेंडरवर त्या सुमाराला 'मिडसमर' छापलेलं त्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, अण्णा, २१ जूनला आपल्या शिवारात लोक डोक्यावर प्लास्टिक घेऊन चिखलात असतात. ते म्हणाले, "शास्त्र शास्त्राच्या जागी, पाऊस पावसाच्या जागी." कागदावर असतं तर सोडून दिलं असतं. दगडावर कोरायचंय, म्हणून हे मिटवावं लागणार.

१६ मार्च, रविवार

दिशा ठरवली. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे गच्चीवर होकायंत्राचा भरवसा नाही, तेव्हा जुनीच पद्धत. फरशीवर खडूने मोठं वर्तुळ, मधोमध काठी. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. नववीतल्या मुलांनी खुणा केल्या, मी फक्त घड्याळ बघत बसलो.

गवंडीमामांचं म्हणणं, रॉड चौथऱ्याच्या बरोबर मधे हवा, शोभा येते. पण डिसेंबरात सावली उत्तरेला ८२ सेंमी जाणार आणि जूनमध्ये दक्षिणेला जेमतेम १३. म्हणून रॉड दक्षिण कडेजवळ. "दक्षिणेला सावली? ती कशी पडंल वो?" मामांचा प्रश्न रास्त आहे. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर. जूनमध्ये सूर्य २३.४४ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे आपल्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडे जातो. मग सावली दक्षिणेलाच पडणार. मामांना आकडे नकोत. थोडं थांबून तेच म्हणाले की मे महिन्यात त्यांच्या घराच्या उत्तरेकडच्या पडवीत भर दुपारी ऊन येतं, तेच हे काय? तेच.

२० मार्च, गुरुवार

विषुवदिन. यंदा संपाताची (सूर्य बरोबर विषुववृत्तावर येण्याची) वेळ दुपारी २ वाजून ३१ मिनिटं, म्हणजे आमच्या मध्यान्हापासून दोनच तासांवर. यापेक्षा सोयीचा दिवस मिळायचा नाही. सावली २८.५ सेंमी, गणिताने २८.४. रॉडच्या टोकाची सावली धूसर पडते, कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. एक मीटरवर कडेची धूसर पट्टी नऊएक मिलिमीटर होते. टोकाला भोक पाडलेली पत्र्याची चकती लावली, आता सावलीत प्रकाशाचा गोल ठिपका दिसतो आणि त्याचा मध्य नेमका धरता येतो. ही चकती कायमची ठेवायची.

मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही, हे मुलांना पहिल्यांदाच दिसलं. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, बेळगाव सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. आठ अंशांचा फरक म्हणजे ३२ मिनिटं. शिवाय सूर्य स्वतः वर्षभरात थोडा पुढेमागे होतो. आजचा मध्यान्ह १२:३९ च्या आसपास.

आजच्या सावलीला आपल्याकडे जुनं नाव आहे, पलभा. बारा अंगुळं उंचीच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्हाला पडणारी सावली. गावागावाची पलभा वेगळी आणि पंचांगकर्त्यांचं लग्न-उदयाचं (पूर्वेला कुठली रास कधी उगवते त्याचं) गणित तिच्यावर चालायचं. बेळगावची पलभा काढली: ३ अंगुळं २४ व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग).

खानापुरात आत्येबहिणीने आणि निपाणीत मावसभावाने त्याच वेळी मीटरभर काठीची सावली मोजली. तिची २७.९, त्याची २९.६. दोन्ही गावांत उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८५ किलोमीटर. इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची युक्ती (दोन गावांच्या सावल्यांतल्या कोनाच्या फरकावरून घेर काढायची) लावून पृथ्वीचा घेर ३४ हजार किलोमीटर आला. खरा ४० हजार. दोन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की एवढ्या जवळच्या गावांत असंच होणार. मुलांना मात्र पृथ्वी निपाणी-खानापुरात मावली याचाच आनंद.

२० एप्रिल, रविवार

सावली ७.४ सेंमी, अजून उत्तरेला. ही नोंद ठळक करून ठेवतो, ऑगस्टमध्ये लागेल.

उकाडा भरात आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, संध्याकाळी पश्चिमेचा वारा येतो, त्यामुळे इथला उन्हाळा अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यापुढे मवाळच. तरी वर्षातला सगळ्यात तापलेला महिना हाच. दुपारचं कमाल तापमान सरासरी ३५-३६ च्या घरात. मेमध्ये ते किंचित उतरतं, जूनमध्ये एकदम कोसळतं आणि जुलैत २५ च्या आसपास येतं. जुलैतली आमची दुपार डिसेंबरातल्या दुपारपेक्षा थंड असते. हे वाक्य परगावच्या माणसाला पटत नाही, बेळगावकराला सांगावं लागत नाही.

२७ एप्रिल, रविवार

चैत्र अमावस्या. कमिटीची बैठक. मूळ विषय फरशीचं बिल, पण वेळ सगळा 'उन्हाळ्याचा मध्य' यात गेला. मी निरनिराळे हिशेब मांडले, ते इथे उतरवतो.

युरोपातला मिडसमर २४ जूनचा, सेंट जॉनच्या सणाचा दिवस. स्वीडनमध्ये तो २० ते २६ जूनमधल्या शनिवारी पाळतात. उन्हाळा मेच्या सुरुवातीला लागतो असं धरणाऱ्या जुन्या रिवाजात हा दिवस खरोखर मधला होता. चिनी पंचांगही असंच: ५ मेच्या सुमाराला उन्हाळा लागतो, अयनदिन (सूर्य उत्तरेच्या टोकाला जाऊन वळतो तो, २१ जूनचा दिवस) त्याच्या मधे. उलट अमेरिकेत २१ जून हा उन्हाळ्याचा पहिला दिवस म्हणून छापतात. एकच दिवस, कुणाचा मध्य, कुणाची सुरुवात. आणि उष्णता बघाल तर तिकडे ती जुलैच्या उत्तरार्धात शिगेला जाते, कारण जमीन आणि समुद्र तापायला वेळ घेतात.

आता आपले. शाळेच्या पुस्तकातले सहा ऋतू: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म. या हिशेबाने ग्रीष्माचा मध्य ज्येष्ठ अमावस्या, यंदा २५ जून. मिडसमरला खेटूनच! अण्णांनी टेबलावर हात मारला. पण मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने जे राष्ट्रीय पंचांग दिलं (२२ मार्च १९५७ पासून लागू), त्यात ग्रीष्म म्हणजे वैशाख-ज्येष्ठ, २१ एप्रिल ते २१ जून. तिथे अयनदिन ग्रीष्माचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी १ आषाढ, वर्षा ऋतू. मध्य मग २१-२२ मे. हवामान खातं मार्च ते मे हा मोसमपूर्व काळ धरतं, त्याचा मध्य एप्रिलच्या मधोमध. आणि आपल्या बायाबापड्यांचे चार-चार महिन्यांचे तीन काळ: उन्हाळा फाल्गुन ते ज्येष्ठ. त्याचा मध्य आज. चैत्र अमावस्या.

"मग आजच कोरा," असं कुणीतरी मागून म्हणालं. चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

माझं मत बैठकीत बोललो नाही, इथे लिहितो. या सगळ्या हिशेबांत सूर्याने सांगितलेली गोष्ट एकच: २१ जूनला तो उत्तरेच्या टोकाला असतो. उरलेलं त्या-त्या मुलखाने आपापल्या पिकापाण्यावरून लावलेलं आहे. स्वीडनचं त्यांना लखलाभ.

३ मे, शनिवार

शून्य सावली. मध्यान्ह १२:२९. अर्धं गाव गच्चीवर, इतकी माणसं की चौथऱ्याभोवती दोरी बांधावी लागली. रॉडची सावली त्याच्या बुडात गेली, उरला तो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा धूसर कडा. बादल्या, तांबे, उभ्या बाटल्या, सगळ्यांची तीच गत. एका आजीने स्वतःच्या पायाशी बघून "माझी सावली गेली कुठं गं?" असं विचारलं, आणि शेजारणीने तिला दोन्ही पायांमधली दाखवली.

गणिताने क्षण आज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला येतो, म्हणजे रात्रीच्या दारात. म्हणून आज आणि उद्या दोन्ही दुपारी जवळजवळ शून्य. आजची अधिक नेमकी. खानापूरची आत्येबहीण म्हणाली, त्यांच्याकडे कालही अशीच होती. निपाणीला ५ तारखेला. पुढे सूर्य असाच उत्तरेकडे जात राहील: पुण्यात १३ मेच्या सुमाराला, मुंबईत १५-१६ ला. दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या पलीकडे.

४ मे, रविवार

आजही गर्दी. सावली तीन-चार मिलिमीटर, आणि ती दक्षिणेकडे. गवंडीमामा मुद्दाम बघायला आले. वाकून बघितलं, "गेली की दक्षिणंला" एवढंच म्हणाले आणि खाली जाऊन मिश्री लावत बसले.

रात्री एक गणित केलं. वातावरण बाजूला ठेवलं तर आपल्या अक्षांशावर दिवसभरात सूर्याकडून मिळणारी उष्णता मेच्या मध्यात सर्वांत जास्त असते. २१ जूनला ती त्याहून अर्ध्या टक्क्याने कमीच. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सगळा फरक दीड टक्क्याच्या आत. म्हणजे सूर्याच्या बाजूने बघितलं तर आपल्याकडे शिखर नाहीच, तीन महिन्यांचं पठार आहे. त्या पठारावर उन्हाळा कुठे संपवायचा हे ढग ठरवतात. स्टॉकहोमला जूनमध्ये साडेअठरा तासांचा दिवस आणि डिसेंबरात सहा तासांचा, तिथे अयनदिन अंगावर येतो. बेळगावचा सगळ्यात मोठा दिवस १३ तास ४ मिनिटांचा, सगळ्यात लहान ११ तास ११ मिनिटांचा. दोन तासांचाही फरक नाही. आमच्या लोकांनी त्या दिवशी शेकोट्या पेटवून नाच का केला नाही, याचं उत्तर इथेच आहे.

२६ मे, सोमवार

गेले कित्येक दिवस सावली नाही. यंदा वळवाने उसंतच दिली नाही आणि आता थेट मोसमी पाऊस. केरळात २४ तारखेला आला, २००९ नंतर इतक्या लवकर आला नव्हता. आज मुंबईत पोचला. म्हणजे आमच्यावरून गेलाच.

पश्चिमेकडच्या गावांत धूळवाफ भातपेरणी अडकलीय. कोरड्या मातीत भात पेरून ठेवायचं आणि मृगाच्या पावसाने ते उगवायचं, अशी ती रीत. यंदा माती कोरडी मिळालीच नाही. वाफसा येईना, कुळव चालेना. रताळीवाले मात्र वेल लावायच्या तयारीत.

अण्णांना फोन केला. म्हटलं, यंदाचा उन्हाळा मेच्या मधेच बुडाला, आता त्याचा मध्य कुठला धरायचा? "तू सावली मोज," म्हणाले.

८ जून, रविवार

आज मृग लागला. सूर्य मृग नक्षत्रात गेला. गावात मराठी माणूस मिरीग म्हणतो, कन्नड माणूस मिरगा. पेरणीचं बोलणं दोन्हीकडे रोहिणी-मिरीग-आडद्रा याच क्रमाने.

चौथऱ्यावर मृगाची रेघ कोरावी, अशी काही शेतकऱ्यांची मागणी आली. रास्त मागणी आहे आणि मला ती नाकारावी लागणार. कारण लांबलचक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची रेघ सूर्याच्या उंचीवर चालते, म्हणजे ऋतूवर. नक्षत्र चालतं ताऱ्यांवर. पृथ्वीचा आस फार सावकाश डोलतो, त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांत साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. मकर संक्रांत १४ जानेवारीला आणि सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, ही तफावत त्यातलीच. आज अयनदिन मृग नक्षत्राच्या अगदी शेवटी येतो, दुसऱ्याच दिवशी आर्द्रा लागतात. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात सूर्य दक्षिणेकडे वळतो तो आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर. सहाव्या शतकात वराहमिहिराने हे पूर्वशास्त्रातलं वचन उद्धृत करून सरळ लिहिलं की तसं पूर्वी कधीतरी असेल, हल्ली वळण कर्केच्या आरंभी आहे. आणि पटत नसेल तर स्वतः बघा, असं सांगून दोन उपाय दिले: उगवत्या-मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशी वेध घ्या, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावली शिरताना आणि निघताना खुणा करा. मार्चमध्ये खडूने आम्ही जे केलं तेच. पंधराशे वर्षांपूर्वी पोथीपेक्षा फरशीवरच्या खुणेला मान देणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

त्याच्या काळी मृग नक्षत्र अयनदिनाच्या ३८ दिवस आधी लागत असे, म्हणजे आजच्या ऋतुमानाने १४ मेच्या सुमाराला. तेव्हा 'मिरगाचा पाऊस' म्हणावं असं काही सह्याद्रीच्या या अंगाला बहुतेक नसणार. मृगाने पेरणी हा ठोकताळा गेल्या काही शतकांतला असावा, असं मला वाटतं. आजोबा-पणजोबांच्या आयुष्याला तो बरोबर बसतो, कारण तेवढ्या काळात तारीख दीड-दोन दिवसच सरकते. पण दगडावर कोरलं तर दगड आपल्यापेक्षा जास्त टिकतो.

शेतकऱ्यांना एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, मृगाची तारीख हलते, रेघ हलवता येत नाही. "बरोबर आहे, मिरीग कुठं जाग्यावर असतोय," एकजण म्हणाला, आणि त्याच्या मनात यंदाचा पाऊस होता.

११ जून, बुधवार

काल वटपौर्णिमा, आज कर्नाटकी बेंदूर, कन्नड घरांत कार हुण्णिमे. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, पावसाने रंग ओघळलेला. ज्येष्ठ पौर्णिमेला इकडचा बेंदूर, महिन्याने आषाढात कोल्हापूरकडचा. सीमेवरच्या कितीतरी घरांत दोन्ही होतात, पुरणपोळ्या दोनदा. काम काही नाही.

२१ जून, शनिवार

आज सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचला. दिसला नाही. मध्यान्ह १२:३४, आभाळ राखाडी, पावसाची रिपरिप, गच्चीवर शेवाळ. चौथऱ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला. मुलं शाळेत योगदिनाला, तोही दिवस सगळ्यात मोठा म्हणूनच निवडलेला. अण्णा छत्री घेऊन वर आले, आभाळाकडे बघितलं, स्वेटरचं बटण लावलं. मी काही बोललो नाही.

ऊन असतं तरी आजची तारीख काठीने सापडली नसती, हे मुलांना समजावायला हवं. झोका टोकाला गेला की थबकतो तसा सूर्य या दिवसांत जवळजवळ हलत नाही. दहा दिवस आधी किंवा दहा दिवस नंतर सावलीत फरक पडतो तो सहा मिलिमीटर: १३.३ ऐवजी १२.७ सेंमी. ठिपक्याचा व्यासच त्याहून मोठा. टोकाकडे बघत बसून टोक कळत नाही. सूर्य वेगात असताना, दोन्ही बाजूंना समान सावलीचे दोन दिवस धरायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. म्हणून २० एप्रिलचा आकडा जपून ठेवलाय.

लावणीची घाई सुरू. बेळगाव शहरात उन्हाळा संपला की नाही हे राकसकोपच्या (शहराला पाणी देणाऱ्या जलाशयाच्या) पातळीवरून ठरतं, आणि यंदा तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. संध्याकाळी ढग फाटले म्हणून सूर्यास्त टिपला, सात वाजून आठ मिनिटांच्या जवळपास. सगळ्यात उशिराचा सूर्यास्त याच दिवसांत असतो, २१ जूनला नाही. सगळ्यात लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात, सहाला मिनिटभर कमी असताना, होऊन गेला. दिवस सगळ्यात मोठा त्या दोहोंच्या मधे. मध्यान्हच या काळात रोज दहा-बारा सेकंद उशिरा होत जातो, त्याने ही तिरपागड.

परवा ४ तारखेला पृथ्वी सूर्यापासून वर्षातल्या सगळ्यात लांबच्या जागी होती, १५ कोटी २० लाख किलोमीटर. वारीहून परतणाऱ्या कुणाला हे सांगायला गेलो नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

काल आणि आज दुसरी शून्य सावली. ढग. राखीचा दिवस, वर कुणी फिरकलंही नाही. शून्य सावलीची बातमी मे महिन्यात होते, ऑगस्टमध्ये तिचा पाऊस होतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मिळालं. बाराच्या पुढे ढगांना भोक पडलं आणि मध्यान्हापर्यंत टिकलं. दहावीतल्या मुलीने प्लास्टिक ओढून काढलं, पाणी पुसलं, ठिपका पट्टीवर. ७.४ सेंमी, उत्तरेला. एप्रिलमधल्या खुणेवर तंतोतंत.

२० एप्रिल ते २२ ऑगस्ट: १२४ दिवस. अर्धे ६२. २० एप्रिलपासून ६२ वा दिवस २१ जून.

या दिवसांत सावली रोज सहा मिलिमीटर सरकते, म्हणजे खूण दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी उत्तर अर्ध्या दिवसाहून जास्त हलत नाही. ज्या दिवशी सूर्य दिसलाच नाही तो दिवस आम्ही दुसऱ्या दोन दिवसांवरून पकडला. मुलांनी हा हिशेब फळ्यावर मांडला आणि खाली शाळेचं नाव लिहिलं. अण्णांनी फळ्याचा फोटो काढून पाठवला तो मला तिघांकडून परत आला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. संपात आज रात्री ११:४९ ला. दुपारची सावली २८.४ सेंमीला किंचित कमी, उद्या किंचित जास्त होईल. पट्टीवरची मार्चची रेघ तीच कायम.

मुलांनी परस्पर आणखी एक हिशेब केला: २० मार्च आणि २२ सप्टेंबर, या दोन संपातांचा मध्य. उत्तर अयनदिनाच्या नेमक्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा दिवस पुढे येतं. त्यांना वाटलं काठी हलली. काठी जागेवर आहे. मार्चच्या संपातापासून अयनदिनापर्यंत ९२.७ दिवस, तिथून सप्टेंबरच्या संपातापर्यंत ९३.७. जुलैत पृथ्वी लांब असते म्हणून सावकाश चालते, त्या बाजूचा डाव मोठा पडतो. जितक्या जवळच्या जोड्या घ्याल तितका मध्य खरा येतो. हे त्यांनी विज्ञान प्रदर्शनात मांडायचं ठरवलंय.

संध्याकाळी मजकुराची शेवटची बैठक. मी मांडलेला मसुदा: विषुवदिनाच्या रेघेला 'दिवस-रात्र समान, पलभा ३ अंगुळं २४ व्यंगुळं'. रॉडच्या बुडाशी 'सूर्य डोक्यावर: मे ३-४, ऑगस्ट ८-९'. दक्षिण टोकाला 'सूर्य उत्तरेच्या टोकाला: २१ जून'. उत्तर टोकाला २१-२२ डिसेंबर. उन्हाळा हे नाव कुठेच नाही.

अण्णांनी वाचून कागद खाली ठेवला. म्हणाले, मध्य नको तर नको, पण माणूस गच्चीवर येणार तो मे महिन्यात, घामाघूम होऊन, त्याला दगडावर उन्हाळ्याचं नाव तरी दिसू दे. त्यात तथ्य आहे, कारण आमच्याकडे तापमान शिगेला असतं तेही पहिल्या शून्य सावलीच्या मागच्या-पुढच्याच दिवसांत. मताला टाकलं. मी एकटा विरोधात. ३-४ मेच्या मजकुराखाली 'उन्हाळा भरात' एवढे शब्द येणार. कन्नड सरांनीही मान डोलावली आणि तिथल्या तिथे त्यांच्या भाषेत लिहून दिलं.

उरलेली कामं: कोरणाऱ्याला दसऱ्याआधी मसुदा द्यायचा. चकतीच्या भोकाला गंज धरतोय, पितळी चकती करून घ्यायची. दक्षिणेचा कठडा तीन फूट उंच आहे, डिसेंबरात दुपारी त्याची सावली पाऊण मीटर आत येते. ती रॉडच्या टोकाआड येत नाही, पण सकाळच्या वर्तुळावर पडते का हे दिवाळीनंतर गवंडीमामांना वर बोलावून बघायचं. पडत असेल तर कठड्याला तेवढ्यापुरती खाच.